सातवं पान

फोन स्पीकरवर होता आणि पलीकडची बाई ओरडत नव्हती, तेच वाईट होतं. ओरडणाऱ्या माणसाला निदान उत्तर देता येतं. ही एकेक शब्द सुटा करून बोलत होती, फळ्यावर लिहून दाखवावं तशी. शाळेत शिकवते, असं तिने सुरुवातीलाच सांगितलं होतं.

"अकरा दिवस," ती म्हणाली. "माझ्या व्हीलचेअरचं पुढचं चाक निखळलं. मोबाईलवर शोधलं, पहिलं नाव तुमचं आलं, त्यावरच्या नंबरवर फोन केला. 'आज संध्याकाळपर्यंत माणूस येईल, येताना दुसरी खुर्ची घेऊन येईल,' असं मला सांगितलं. मी एकटी राहते. शेजारणीला सांगून दार उघडं ठेवलं. चार दिवस रोज उघडं ठेवलं. पाचव्या दिवशी परत फोन केला, परत तेच. अकराव्या दिवशी माझ्या बहिणीने दुसरीकडून खुर्ची आणली. तोवर पाठीला जखम झाली होती."

"बाई, माझ्याकडे असा फोन—" दादाने सुरुवात केली.

"मला तुमच्याकडून काही नको आहे. तुमचा हा नंबर इथल्या रुग्णालयातल्या नर्सने दिला, म्हणून सांगायला फोन केला. लोकांना खोटं सांगू नका." आणि तिने फोन ठेवला.

वर्कशॉपमध्ये आम्ही तिघं भावंडं होतो. दादा स्पोक ताणायच्या स्टँडपाशी, धाकटा खिडकीशी त्याच्या बॅटरीवाल्या खुर्च्यांत, आणि मधली मी, मधोमध, लॅपटॉप मांडीवर घेऊन. जमिनीवर दादाने खडूने ओढलेली एक रेघ होती. तिच्या अलीकडे त्याचं सामान, पलीकडे धाकट्याचं. चाळिशी ओलांडलेला एक आणि चाळिशीला टेकलेला दुसरा, आणि मध्ये खडूची रेघ. मला ती रेघ दिसली की डोकं उठायचं.

"माझ्याकडे नव्हता आला हा फोन," दादा म्हणाला. माझ्याकडे बघून, कारण धाकट्याकडे तो बघत नाही.

"मग काय माझ्याकडे आला होता?" धाकटा म्हणाला. माझ्याकडेच बघून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक बाई अकरा दिवस पलंगावर पडून राहिली होती आणि या दोघांना चिंता कसली, तर ती कोणाच्या खात्यातली चूक याची. "तुम्ही दोघं तोंडं बंद ठेवा," मी म्हटलं. "मला काम करू द्या."

मला बोलावलं होतं ते वेबसाइट बिघडली म्हणून. पोटासाठी मी हेच करते, लोकांच्या वेबसाइटी नीट करते. फोन कमी झालेत, सर्चमध्ये आपण दिसतच नाही, एक दिवस दिसतो आणि चार दिवस गायब, अशी दादाची तक्रार होती. धाकट्याचीही तीच, शब्द न् शब्द. दोघांनी मला वेगवेगळे फोन करून एकाच दिवशी बोलावलं होतं, आणि दुसऱ्यालाही बोलावलंय हे दोघांनाही माहीत नव्हतं.

बिघडलं काय होतं ते मला दहा मिनिटांत कळलं. बाबा गेले त्याला अकरा महिने झाले. ते गेल्यावर वेबसाइटवर कोणाचा नंबर टाकायचा यावरून पहिलं भांडण झालं. दादा थोरला, म्हणून त्याचा. धाकटा खरं काम करतो, म्हणून त्याचा. तेव्हा मी मध्ये पडायला हवं होतं. मी म्हटलं, घाला काय घालायचा तो गोंधळ, आणि पासवर्ड दोघांना देऊन घरी निघून गेले. मग दादाने कुठल्याशा पोराकडून 'व्हीलचेअर दुरुस्ती' नावाचं पान करून घेतलं, त्यावर त्याचा नंबर. आठवड्यात धाकट्याचं 'व्हीलचेअर रिपेअर' निघालं. दादाने 'घरपोच व्हीलचेअर दुरुस्ती' काढलं, धाकट्याने 'घरी येऊन व्हीलचेअर रिपेअर'. पुढे 'तातडीने' आलं आणि त्यामागून 'लगेच' आलं. दुसऱ्या घरांत भांडणं मिटतात किंवा पेटतात. आमच्या घरात प्रत्येक भांडणाचं एक नवं पान निघालं.

"सहा पानं," मी त्यांना म्हटलं. "सहाही पानं एकच गोष्ट सांगतायत. माणूस शोधतो काय, तर खुर्ची मोडली, कोण दुरुस्त करेल. त्या एका प्रश्नाला तुमची सहा पानं एकदम हात वर करतात. सर्चला कळत नाही यांतलं खरं कोणतं. आज हे दाखवतो, उद्या ते, परवा कंटाळून परक्याचंच दाखवतो. तुम्ही बाहेरच्या कोणाशी लढतच नाही आहात. तुम्ही एकमेकांनाच खाली ओढताय."

"मग त्याची तीन काढ," दादा म्हणाला.

"याची तीन काढ," धाकटा म्हणाला.

मी मान लॅपटॉपमध्ये घातली. उत्तर दिलं असतं तर ते शोभलं नसतं.

काम म्हटलं तर सोपं असतं. सर्चचा अहवाल उघडायचा. लोकांनी कोणते शब्द टाकले आणि त्या शब्दांना आपली कोणकोणती पानं दिसली, ते शेजारी शेजारी मांडायचं. एकाच शब्दांपुढे आपलीच दोन-चार पानं आली की समजायचं, घरातच मारामारी आहे. मग त्यातलं एक ठेवायचं, बाकीच्यांतलं जे चांगलं असेल ते त्यात घ्यायचं, आणि जुन्या पत्त्यांवर येणाऱ्याला सरळ त्या एका पानावर आणून सोडायचं. एखादं पान वाचवण्यासारखं असेल, तर त्याला त्याचं स्वतःचं वेगळं काम द्यायचं. धाकट्याला बॅटरीवाल्या खुर्च्यांतलं जे कळतं ते दादाला सात जन्मांत कळणार नाही, आणि दादा माणसाच्या पाठीचं माप घेऊन जशी बैठक बांधतो तशी धाकट्याला बांधता येत नाही. दोघांना आपापलं एकेक पान सहज मिळालं असतं. पण दोघांनाही हवं होतं तेच एक, बाबांचं.

मी शब्द मांडत गेले आणि शेजारी पानं लिहीत गेले. 'व्हीलचेअर दुरुस्ती' या शब्दांपुढे सहा पत्ते आले. मग सातवा आला.

आधी मला वाटलं, माझंच मोजायला चुकलं. परत मोजलं. सातवा होता, आणि तो नुसता होता असं नाही. गेले दहा महिने सगळ्यात जास्त वेळा वर आलेला तोच होता. सहा जण एकमेकांचे पाय ओढत राहिले आणि त्यांच्या डोक्यावरून हा वर गेला. जुना पत्ता, शहरातल्या दोन रुग्णालयांच्या यादीत वर्षानुवर्षं असलेला. त्याच्यावर बोट ठेवायच्या आधीच मला कळलं होतं ते कोणतं.

ते पान मी लिहिलं होतं. एकोणीस वर्षांची होते, माझ्या आयुष्यातलं पहिलं पान. बाबा स्टुलावर बसून रॉकेलच्या डब्यात बेअरिंग धूत होते आणि सांगत होते, आणि मी टाइप करत होते. वरच मोठ्या अक्षरांत त्यांचा नियम होता. 'तुमची खुर्ची नेण्याआधी आमची खुर्ची ठेवून जाऊ.' कोणाची खुर्ची दुरुस्तीला आणायची तर आधी आपली त्याला बसायला द्यायची, मगच त्याची उचलायची. रिकाम्या हाताने त्या दारात जायचंच नाही. त्याखाली घरच्या फोनचा नंबर होता.

बाबा गेल्यावर दोघं म्हणाले, तो जुना नंबर काढ. मी पान मेनूतून काढलं. नुसतं मेनूतून. वेबसाइटवरून उतरवलं नाही, कुठे वळवलंही नाही. बाबांच्या वाक्यांवर हात चालला नाही माझा. मेनूत नाही म्हणजे कोणाला दिसणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. हीच चूक माझ्या एखाद्या गिऱ्हाइकाने केली असती तर मी त्याची खरडपट्टी काढली असती. दार लपवलं म्हणून बंद होत नाही, हे मी लोकांना शिकवते. त्याचे पैसे घेते.

खात्री करायला मी मोबाईलवरून तो नंबर लावला.

डोक्यावर, वरच्या मजल्यावर, घंटी वाजली. घर वर्कशॉपच्या वरच आहे. तो फोन आम्ही आईसाठी ठेवला होता, मावशीशी बोलायला. मला खुर्ची सरकल्याचा आवाज आला, चार पावलं ऐकू आली.

"हं, बोला," आई माझ्या कानात म्हणाली. "कोणती खुर्ची आहे? हाताने चालवायची की बॅटरीची?"

माझ्या तोंडून नुसतं 'अं' निघालं, पुढे शब्द फुटेना.

"बोला ना. घाबरू नका. खुर्ची अडली आहे का? पत्ता सांगा, मी लिहून घेते. आज संध्याकाळपर्यंत माणूस येईल."

मी फोन बंद केला. पानावरचा नंबर अंक न् अंक ताडून बघितला, दोनदा. दोघं भाऊ आपापल्या रेघेआडून माझ्याकडे बघत होते. "काय झालं?" दादाने विचारलं. मी जिन्याकडे पळाले.

आमच्या जिन्याच्या वरच्या टोकाला, दाराशेजारी, एक खिळा आहे. आई तीस वर्षं फोन घ्यायची, चिठ्ठी लिहायची आणि त्या खिळ्यावर टोचायची. बाबा खाली उतरताना ती काढून खिशात घालायचे. एवढीच आमच्या धंद्याची पद्धत होती. मी वर पोचले तेव्हा आई खिळ्यापाशीच उभी होती, चष्मा कपाळावर. खिळ्यावर सात-आठ चिठ्ठ्या होत्या.

"आई, या कधीच्या?"

"या आठवड्याच्या," ती म्हणाली. "खिळा भरला की आधीच्या काढून मी डब्यात ठेवते. तुमच्यापैकी कोणाला हिशेबाला लागल्या तर."

"कोणी काढत नाही या?"

"बघून जात असतील की. मी तर रोज सांगते जेवताना, चिठ्ठी लावली आहे म्हणून. तुलाही म्हटलं होतं मागे, फोन फार येतात गं हल्ली."

म्हटलं होतं. मला वाटलं होतं, मावशीचे.

बिस्किटांचा डबा होता. त्यात पस्तीस चिठ्ठ्या होत्या, तारखेने लावलेल्या. मी डबा आणि खिळ्यावरच्या हाताला आल्या तेवढ्या चिठ्ठ्या घेऊन जिन्यातूनच ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही, पण दोघंही हातातलं टाकून वर आले.

"हा खिळा रोज दिसतो ना तुम्हाला?" मी विचारलं. "दिवसातून दहा वेळा याच्या अंगाला अंग घासून जाता. एकदाही काढून वाचावीशी वाटली नाही?"

"मला वाटलं त्याची गिऱ्हाइकं असतील," धाकटा म्हणाला. "आमचं ठरलंय तसं. मी दादाच्या गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही."

"आणि मला वाटलं याची," दादा म्हणाला. "उगाच नंतर म्हणायला नको, माझी चोरली म्हणून."

खडूची रेघ जिना चढून वर आली होती तर. मला त्या दोघांना त्या जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं. खरं सांगते, हात शिवशिवत होते. पण त्या बाईला खोटं सांगणारा नंबर यांच्या कुठल्याच पानावर नव्हता. तो माझ्या पानावर होता. हे मी म्हटलं, मोठ्याने, तिघांसमोर. म्हटल्याने राग कमी झाला नाही, फक्त त्याला जायला जागा राहिली नाही.

आई चिठ्ठ्या उलटत होती. तिला अजून पुरतं कळलं नव्हतं. "म्हणजे?" ती म्हणाली. "या शाळेच्या बाईंकडे कोणी गेलं नाही?"

तिच्या हातात ती चिठ्ठी होती. 'शाळेच्या बाई. पुढचं चाक निखळलं. एकट्या असतात. लवकर.' लवकरच्या खाली दोन रेघा. तिच्यामागे चार दिवसांनंतरची दुसरी. 'परत त्याच बाई. कोणी गेलं नाही म्हणतात. आज नक्की.'

"नाही गं," मी म्हटलं. "कोणाहीकडे कोणी गेलं नाही."

आईने चष्मा डोळ्यांवर घेतला, चिठ्ठीवरचा नंबर फिरवला. आम्ही अडवायच्या आत पलीकडे फोन उचलला गेला.

"मी बोलतेय, खुर्चीवाल्यांकडची," आई म्हणाली. "माणूस येईल असं तुम्हाला मी सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. आला नाही. चूक तुमच्याशी बोलणाऱ्याची, म्हणजे माझी."

फोन जुना आहे, त्यातला आवाज खोलीभर ऐकू येतो. मग शाळेच्या बाईंचा तोच सुटा सुटा आवाज आला.

"तुम्ही होतात का," त्या म्हणाल्या. "तुमच्या आवाजावर विश्वास ठेवून मी थांबले. दुसरं कोणी असं बोललं असतं ना, तर दुसऱ्याच दिवशी मी दुसरीकडे फोन केला असता."

आईने फोन खाली ठेवला. सावकाश ठेवला. मग ती वळली, आणि आयुष्यात मी तिला जसं कधी बघितलं नव्हतं तसं बघितलं. डबा तिने भिंतीवर आपटला. चिठ्ठ्या खोलीभर झाल्या.

"माझ्या तोंडून खोटं बोलवलंत!" ती म्हणाली. "तेही माझ्या नकळत. रोज इथे बसून मी लोकांना शब्द देत होते आणि खाली तुम्ही रेघा मारत बसला होतात. त्या माणसाने कधी एक चिठ्ठी रात्रभर खिळ्यावर राहू दिली नाही. तापात उठून गेला आहे. आणि तुम्हाला चिठ्ठी कोणाची ते आधी बघायचं असतं! चिठ्ठी जिची खुर्ची मोडली तिची असते, मेल्यांनो!"

दादा खाली बसला आणि चिठ्ठ्या गोळा करायला लागला. धाकटाही बसला. आई उभी होती आणि दोघांपैकी एकालाही ती उठा म्हणाली नाही.

"परवाचा हा एक आहे," धाकटा थोड्या वेळाने म्हणाला. "मागचं चाक, आस वाकलाय. आजोबा आहेत कोणी तरी." हे तो दादाकडे बघून म्हणाला.

"खुर्ची कोणती द्यायची त्यांना?" दादाने विचारलं. "माझ्याकडे रुंद नाही."

"माझ्याकडे आहे. पण गाडी तुझी लागेल."

दोघं गेले. खालून खुर्ची गाडीत चढवल्याचा आणि दोघांनी एकमेकांना 'तिरपी कर, तिरपी' म्हणून झापल्याचा आवाज आला.

मी लॅपटॉप वरच आणला आणि उरलेल्या चिठ्ठ्यांचे नंबर फिरवत बसले. बहुतेकांनी दुसरीकडून काम करून घेतलं होतं. त्यातल्या दोघांनी मला जे सुनावलं ते मी मुकाट ऐकून घेतलं. एक फोन लागलाच नाही. पाच जण अजून वाट बघत होते, खुर्चीला दोरी बांधून, काठीला टेकून. मी त्यांना फक्त पत्ता विचारला आणि संध्याकाळपर्यंत येतो म्हटलं नाही. निघालो की सांगते, म्हटलं. ते पाचही पत्ते मी दादाला कळवले.

मग मी पानं उघडली. सहाची दोन केली, बॅटरीवाल्या खुर्च्यांचं धाकट्याला आणि पाठीच्या बैठकीचं दादाला. दुरुस्तीचं जे काही होतं ते सगळं सातव्या पानावर नेलं आणि बाकीचे पत्ते तिकडे वळवले. बाबांची ओळ वर होती तिथेच राहिली. फक्त आता ते पान मेनूत होतं, पहिलं.

नंबरापाशी मी थांबले. "आई, इथला हा नंबर काढते," मी म्हटलं. "दादाचा किंवा धाकट्याचा टाकते."

"का?" तिने विचारलं. ती खिडकीशी बसली होती, आवाजात अजून धार होती. "फोन वाजला आणि मी उचलला नाही, असं एकदा तरी झालं?"

"नाही."

"मग फोनवाली का बदलतेस? खिळ्यावरचं काढणारा नव्हता, तो आण."

मी नंबर ठेवला. पान सुरू करून लॅपटॉप मिटला.

दोघं परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. पाच ठिकाणी जाऊन आले होते, एका ठिकाणी उद्या जायचं होतं. जिन्यावर दादा पुढे होता. वर पोचल्यावर तो खिळ्यापाशी थांबला आणि त्याने हात लावला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. माझ्या घाईतून एक चिठ्ठी तिथे सुटली होती. त्याने ती काढून दिव्याजवळ धरली.

"'एक बाई,'" तो वाचत गेला. "'बोलल्या नाहीत. आवाज फुटत नव्हता. खुर्ची अडली असणार, घाबरल्या असणार. परत फोन आला तर आधी यांच्याकडे जायचं.' आई, यात पत्ता नाही."

"तिने सांगितलाच नाही," आई आतून म्हणाली. "आज दुपारचीच आहे ती. फेकू नकोस. नंबर कळत नाही या फोनवर, पण परत करेल बिचारी."

धाकट्याने दादाच्या खांद्यावरून चिठ्ठी बघितली. "नर्सला विचारू या का? त्यांच्याकडची असेल कोणी."

"नाही करणार ती फोन," मी म्हटलं. "मीच होते ती. मीच लावला होता खालून."

आई बाहेर आली. आधी तिने चिठ्ठीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग बोलायचं नाही का, कार्टे!" ती कडाडली. "दुपारपासून जीव टांगणीला लागलाय माझा, त्या बाईचं काय झालं म्हणून!"